पाच नंबरचा बिल्ला

हे मी कुणाचं भलं व्हावं म्हणून लिहीत नाही. कमलाकर दिघे हे नाव पनवेलमधले लोक विसरायला लागलेत, आणि ते त्यांनी इतक्या सहजासहजी विसरावं हे मला सहन होत नाही, म्हणून लिहितेय. खरं तर हे गोदूनं लिहायला हवं होतं. तिला लिहिता येत नव्हतं. मी जन्मभर शाळेत पोरांचे निबंध तपासले, तेव्हा एवढं काम माझ्याकडेच आलं.

जुन्या पनवेलच्या अंगाला, स्टेशनपासून चालत जाण्याजोगी, भाताची एक बंद गिरणी होती. आता तिथं इमारत उभी आहे आणि खाली मोबाइलची दुकानं आहेत. २००३ साली धर्मराज केणी नावाच्या निवृत्त इंजिन ड्रायव्हरनं त्या गिरणीत रेल्वेचं संग्रहालय काढलं. काढलं म्हणजे काय, तर रेल्वेनं भंगारात काढलेलं सामान लिलावात घेऊन, मागून, कुणाकुणाच्या माळ्यावरून उतरवून तिथं आणून ठेवलं. सिग्नलचा लाकडी हात, तिकिटावर तारीख उठवायचं यंत्र, हातबत्त्या, वेटिंग रूममधली वेताची खुर्ची. कुणाला पगार नव्हता, तिकीट नव्हतं. रविवारी दार उघडायचं आणि जो येईल त्याला दाखवायचं. माझे वडील गार्ड होते. त्यांची शिट्टी आणि दोन झेंडे द्यायला म्हणून मी गेले, तर धर्मराजभाऊंनी माझं अक्षर पाहिलं आणि सगळ्या पाट्या रंगवायचं काम गळ्यात मारलं. तेव्हापासून दर रविवारी मी तिथंच.

आत शिरलं की नाकात अजून तांदळाच्या कोंड्याचा वास यायचा. त्यात रॉकेलचा आणि पितळेचा वास मिसळलेला. धर्मराजभाऊ दाराशीच उभे. पोरं आली की तोंडानंच वाफेच्या इंजिनाचा आवाज काढायचे, इतका हुबेहूब की मोठी माणसंही बाजूला सरायची. मग ते सिग्नलचा हात खालीवर करून दाखवायचे, पोरांकडून तारखेचं यंत्र दाबून घ्यायचे. आणि सगळ्यात शेवटी, गिरणीच्या मागच्या कोपऱ्यात, गोदू बसलेली असायची. तिथं पोचेपर्यंत लोक हसत आलेले असायचे. तिथून हसत कुणी परत गेलं नाही.

गोदू पाटील ही आगरी बाई, बाजारात मासळी विकायची. संग्रहालय उघडून महिना-दोन महिने झाले असतील, एका रविवारी दुपारी ती रिकामी टोपली घेऊन दारात आली आणि धर्मराजभाऊंना म्हणाली, “रेल्वेचा घर काढलाव म्हने तुमी. मना झाडाया ठेवा. पैसं नको.”

“पैसे नकोत तर मग काय पाहिजे?” त्यांनी विचारलं.

“माजा मानूस रेल्वेत होता. त्याचा नाव घेवाला मना कंदी कुनी जागा दिली नाय. हितं बसून घेन.”

तिचा माणूस म्हणजे अंकुश पाटील. लाईनीवरचा गँगमन. पनवेलच्या पुढं तेव्हा एकेरी लाईन होती आणि पावसाळ्यात रात्रभर तिच्यावर पायी गस्त असायची. भराव खचलाय का, रुळाखालची मोरी तुंबलीय का, रुळावर दरड आलीय का, हे बत्ती घेऊन बघत जायचं. प्रत्येक गस्तवाल्याला ठरलेलं अंतर, आणि त्या अंतराच्या नंबराचा एक पितळी बिल्ला. दोन शेजारचे गस्तवाले आपापल्या हद्दीच्या टोकाला भेटत, बिल्ल्यांची अदलाबदल करत आणि मागं फिरत. सकाळी साहेबाच्या हातात शेजाऱ्याचा बिल्ला दिला की कळायचं, हा टोकापर्यंत जाऊन आला. ज्याच्याकडं स्वतःचाच बिल्ला, तो झोपला होता.

अंकुशचा बिल्ला चार नंबरचा. पुढच्या हद्दीत गोमा नावाचा कातकरी गस्तवाला होता, त्याचा पाच नंबरचा. त्र्याऐंशीच्या आषाढात एका रात्री अंकुशच्या हद्दीतला भराव खचला, मालगाडीचं इंजिन रुळावरून उतरलं आणि अंकुश भरावाच्या मातीखाली सापडला. लाईनीचे इन्स्पेक्टर होते कमलाकर दिघे. चौकशीत त्यांनी सांगितलं की अंकुश गस्तीला गेलाच नव्हता. दारू पिऊन खोपटात पडला होता, गाडीचा आवाज ऐकून धावत सुटला आणि मेला. त्याचा चार नंबरचा बिल्ला खोपटातच मिळाला. गोमा म्हणाला, “नाय साहेब, अंकुशनी चार मला दिला, मी पाच त्याला दिला. चार मी सकाळी तुमच्याच हातात ठेवला.” मग पाच नंबरचा कुठाय? दिघ्यांनी सांगितलं, गोमानं तो हरवला आणि आता थापा मारतोय. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला कातकरी. कुणाचं खरं धरलं गेलं ते सांगायला नको. गोमाला कामावरून काढलं. पाच नंबरचा बिल्ला हरवला म्हणून नवा पाडून घेतला, त्यावर ‘५ अ’ असा आकडा घातला.

गोमा दहाव्याला गोदूकडं आला आणि स्वतःच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून तिला हे सगळं सांगून गेला. पुढं वीटभट्टीवर राबता राबता तोही गेला. उरली गोदू, दारुड्याची बायको म्हणून. अंकुश माळकरी होता. त्याच्या गळ्यातली माळसुद्धा लोकांना दिसली नाही, कारण साहेबानं लिहून दिलं होतं.

गोदू रडत बसणारी नव्हती. तिनं मासळीची टोपली डोक्यावर घेतली. दिघे निवृत्त होऊन नवीन पनवेलला राहायला आले, तेव्हा ती बाजारातली जुनी झाली होती. दिघ्यांना मासे फार आवडायचे. पण त्या घराला ताजा मासा मिळाला नाही, कधीच नाही. दिघे बाजारात शिरले की गोदू नुसती खाकरायची. मग पापलेटं फडक्याखाली जायची, कोळंबी कुणासाठी तरी राखून ठेवलेली असायची, आणि साहेबांच्या पिशवीत पडायचा तो आदल्या दिवशीचा बांगडा. दिघ्यांची बायको पुढं पुढं वाशीहून मासे आणायला लागली. हे गोदूनं मला सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. गोदू हसली नाही. “हा काय सूड हाय व्हय, बाई?” ती म्हणाली. “ही नुसती खाज हाय.”

आणि मग २००८ साली दिघे आपल्या पायांनी आमच्याकडे चालत आले.

वय झालं की काही माणसांना आपलं नाव कुठंतरी कोरलेलं बघायची हौस सुटते. दिघे तेव्हा ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी आपल्याकडचं सगळं जुनं सामान द्यायचं कबूल केलं: मापाची साखळी, लेव्हल बघायचं यंत्र, कंदील आणि पितळी वस्तूंनी भरलेली एक लाकडी पेटी. शिवाय गळक्या छपरावर नवे पत्रे. बदल्यात मागच्या कोपऱ्याला ‘कमलाकर दिघे दालन’ असं नाव द्यायचं आणि त्यांचा फोटो लावायचा. धर्मराजभाऊंना अंकुशची गोष्ट माहीत होती. त्यांनी गोदूला विचारलं. ती म्हणाली, “घ्या. पत्रं तं घ्या. पावसात सगला गंजतंय.”

उद्घाटनाला दिघ्यांनी भाषण ठोकलं. रेल्वे म्हणजे शिस्त, रेल्वे म्हणजे निष्ठा, आमच्या काळी माणूस कामावर जीव द्यायचा. हे शेवटचं वाक्य त्यांनी खरोखर उच्चारलं. मी पहिल्या रांगेत होते. गोदू भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि मला वाटलं, ही बाई आता उठून याच्या थोबाडीत देणार. तिनं दिली नाही, याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं.

त्या पेटीला गोदूनं कितीतरी दिवस हात लावला नाही. बाकी सगळं पितळ ती चिंच आणि राख लावून चकचकीत ठेवायची, ती पेटी मात्र धूळ खात पडलेली. दिवाळीच्या आधी आम्ही गिरणी धुवायला काढली. तेव्हा कुठं ती पेटी ओढून घेऊन बसली, दिघ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत एकेक वस्तू घासायला लागली. कोटाची बटणं, कुलुपं, शिट्ट्या, बिल्ले. मी शेजारीच पाटीचा रंग ढवळत होते. एकदम तिनं मूठ माझ्यापुढं धरली.

“बाई,” ती म्हणाली, “ह्यो पाचच हाय ना?”

आकडे तिला येत होते, बाजारात बसणारीला यावेच लागतात. तिनं हाताची मूठ उघडली. राखेनं माखलेल्या तळव्यावर पितळेचा गोल बिल्ला. त्यावर पाच. नुसता पाच. मी पेटी उपडी केली. चार मिळाला. ‘५ अ’ मिळाला. आणि हा तिसरा, जो गोमानं हरवला होता, जो कुणाला कधीच सापडला नव्हता, तो चिंचेच्या पाण्यानं लखलखत गोदूच्या हातात होता.

धर्मराजभाऊंना दाखवला तर ते बिल्ला उलटसुलट करून बघत वेताच्या खुर्चीत बसले. असं कसं झालं असेल ते त्यांनीच सांगितलं. गस्तवाल्यांकडून सकाळी बिल्ले घ्यायचे आणि पेटीत टाकायचे, संध्याकाळी त्यातूनच पुन्हा वाटायचे. कुठल्याही इन्स्पेक्टरच्या हाताला ही सवय पडलेली. त्या सकाळी अंकुशच्या खिशातून काढलेला बिल्ला दिघ्यांनी नदीत फेकायला हवा होता. पण रेल्वेच्या माणसाला रेल्वेचं पितळ फेकवत नाही. हात आपोआप पेटीकडं गेला असणार. पुढं पेटी घरी गेली, माळ्यावर चढली, आणि नावाच्या हौसेत दिघे तळ न बघताच ती आम्हाला देऊन बसले.

मी म्हटलं, अर्ज करू, चौकशी पुन्हा उघडायला लावू. गोदूनं मान हलवली. “कागूद नको. कागदानंच त्याला दारुड्या केला. आता मी तोंडानी सांगन. जो येल त्याला सांगन.”

“संग्रहालयात भांडण नको,” धर्मराजभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. “पत्रे दिलेत त्यांनी.”

“पत्रं काढून न्या म्हनावं,” गोदू म्हणाली. “आमी भिजू.”

मग मी पाटी रंगवली. माझ्या आयुष्यात इतक्या आनंदानं मी काही लिहिलं नाही. काळ्या पाटीवर पांढरी, मोठी, सुबक अक्षरं:

‘पाच नंबरचा बिल्ला. गस्तवाला अंकुश पाटील गस्तीला गेला नाही असं ठरवताना हा बिल्ला हरवला असल्याचं सांगण्यात आलं. सापडला: श्री. कमलाकर दिघे यांच्या पेटीत. देणगीदार: श्री. कमलाकर दिघे.’

वर त्यांचा हसरा फोटो होताच.

दिघे आठवड्याभरात आले. लालबुंद झाले होते. कोर्टात खेचतो म्हणाले. आता धर्मराजभाऊही पेटले. “जा की कोर्टात,” ते म्हणाले. “तिथं पहिला प्रश्न हाच विचारतील, बिल्ला तुमच्याकडं कसा आला?” दिघ्यांनी फोटोकडं पाहिलं. मग म्हणाले, निदान माझं नाव आणि फोटो तरी काढा. तेव्हा गोदू पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर बोलली. “का वो साएब? नाव तुमीच लावाला सांगितलाव. ऱ्हाऊ द्या. बरा दिसतंय.”

पुढची पाच वर्षं दर रविवारी तिनं ती गोष्ट सांगितली. शाळांच्या सहली आल्या, कॉलेजची पोरं आली, शिरढोणचा क्रांतिकारकाचा वाडा बघून परत फिरणारे लोक वाट वाकडी करून आले. गोदू प्रत्येकाला बिल्ला हातात घेऊ द्यायची, मग फोटोकडं बोट दाखवायची. नवीन पनवेलच्या बागेत सकाळी फिरणाऱ्यांपर्यंत ती गोष्ट गेली. मंडळाच्या निवडणुकीत दिघे पडले. गणपतीत बक्षीस द्यायला त्यांना बोलवेनासे झाले. हे सगळं कानावर आलं की मी घरी गोडाचं काहीतरी करायचे. मला आनंद व्हायचा, लपवण्यासारखं त्यात काय आहे?

२०१३ च्या डिसेंबरात नवीन पनवेलच्या एका कॉलेजची मुलंमुली आली. गोदूनं सुरुवात केली. भराव, पाऊस, बिल्ल्यांची अदलाबदल. बिल्ला हातोहात फिरत एका मुलीकडं आला. सडपातळ, चष्मा लावलेली. गोदूनं फोटोकडं बोट दाखवलं, आणि त्या मुलीनं वर पाहिलं.

“हे माझे आजोबा आहेत,” ती म्हणाली.

मुलीचं नाव पूर्वी, दिघ्यांच्या मुलाची मुलगी. आजोबांनी रेल्वेच्या संग्रहालयाला मोठी देणगी दिली, तिथं त्यांच्या नावाचं दालन आहे, एवढंच तिला घरात सांगितलं होतं. तेच मैत्रिणींना दाखवायला ती आली होती. धर्मराजभाऊंनी मागून हातानंच खूण केली, पुरे, थांब. मलाही तसंच वाटलं. पोरीचा काय दोष? गोदू तांब्या उचलून पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं.

“मंग तू म्होरं ये,” ती म्हणाली. “तुना नीट आयकाया पायजे.”

आणि तिनं गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली, एक शब्द न गाळता. पूर्वी समोर उभी राहून ऐकत होती. शेवटी तिनं बिल्ला गोदूच्या हातात ठेवला आणि मैत्रिणींना न सांगताच निघून गेली.

पुढच्या रविवारी दिघे आले. काठी टेकत, एका बाजूला पूर्वी. मी त्यांना बऱ्याच दिवसांनी पाहत होते, माणूस अर्धा झाला होता. गिरणीत तेव्हा गर्दी होती, कुठलीशी महिला मंडळाची सहल. दिघे थेट मागच्या कोपऱ्यात गेले.

“गोदूबाई,” ते म्हणाले, “ही पोरगी माझ्याशी बोलत नाही. जेवायला बसलो की उठून जाते. तुम्ही जिंकलात. आता ती पाटी काढा.”

“माजा मानूस गस्तीला जेला होता का नाय?”

“आपण बाजूला बसून बोलू.”

“हितंच बोला. मोठ्यानी.”

दिघ्यांनी आजूबाजूला पाहिलं. बायका गोळा व्हायला लागल्या होत्या. पूर्वी त्यांच्यापासून दोन पावलं लांब सरकली. मला वाटतं, त्यानंच ते मोडले.

“गेला होता,” ते म्हणाले. “टोकापर्यंत गेला होता. पाच नंबर त्याच्या खिशात मिळाला, तो मी काढून घेतला. गोमानं दिलेला चार नंबर खोपटात मिळाला, असं मीच सांगितलं.”

“आनि दारू?”

“प्यायला नव्हता. भराव खचतोय म्हणून त्यानं मला आधी सांगितलं होतं. वरचे साहेब तपासणीला यायचे होते, म्हणून सगळी गँग मी स्टेशनात दगडांना चुना लावायला घातली होती. ते बाहेर आलं असतं तर माझी नोकरी गेली असती.”

एवढं गोदूलाही माहीत नव्हतं. चुना लावायला. तिनं पदर तोंडात धरला, आणि इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. बायकांमधून कुणीतरी मोठ्यानं शिवी दिली. मला वाटलं, झालं, संपलं. आता ही म्हणेल, काढा बाई ती पाटी, त्याला त्याचं मिळालं.

“आता काढाल ना?” दिघ्यांनी विचारलं.

“नाय.” गोदूनं डोळे पुसले. “बाई, खाली जागा हाय ना? लिवा तिथं. साएब सोता आयला नि सगल्यांच्या म्होरं कबूल केला. चुन्याचा पन लिवा.”

“अहो, मी सगळं बोललो ना!” दिघे जवळजवळ ओरडले. “मग मी बोललो कशाला?”

“अंकुशसाटी बोललाव,” गोदू म्हणाली. “तुमच्यासाटी थोडाच.”

मी ब्रश आणला. पाटीच्या तळाशी दोन ओळींपुरती जागा होती. पाटी उंचावर, म्हणून स्टूल ओढलं. दिघे दाराकडं वळले आणि त्यांनी हाक मारली, “पूर्वी, चल.”

पूर्वी जागची हलली नाही. मी स्टुलावर चढले, तेव्हा खालचा रंगाचा डबा तिनं उचलला आणि माझ्या हाताशी धरला.